पूले व्हाले दोझ : सफरचंद आणि सायडरमध्ये शिजवलेली नॉर्मंडीची कोंबडी

फ्रान्समध्ये कोंबडी वाइनमध्ये शिजवतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. नॉर्मंडीत मात्र द्राक्षं धड पिकत नाहीत. वायव्येकडचा हा मुलूख थंड, ओला आणि समुद्राच्या वाऱ्याचा. इथं जोमानं वाढतं ते गवत आणि धरतं ते सफरचंद. लिझ्यू गावाच्या आसपासच्या पेई दोझ भागात जुन्या पद्धतीच्या बागांमध्ये उंच वाढवलेली सफरचंदाची झाडं असतात आणि त्यांच्याखाली पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेल्या नॉर्मंड गाई चरतात. म्हणजे एकाच जमिनीच्या तुकड्यातून सफरचंद, सफरचंदाचा रस आंबवून केलेला सायडर, सायडर गाळून काढलेली काल्व्हादोस नावाची ब्रँडी, लोणी आणि क्रीम असं सगळं निघतं. अंगणात कोंबड्या असतातच. ‘पूले व्हाले दोझ’, म्हणजे ओझ खोऱ्यातली कोंबडी, हा पदार्थ याच यादीतून तयार झाला. (वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ज्या संत तेरेझाची तसबीर दिसते, तिचा मठ याच लिझ्यूमधला.)

आपल्याकडच्या माणसाला ही पाककृती वाचताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की यात आहे काय? आलं-लसूण नाही, हळद-तिखट नाही, मसाल्याच्या नावानं थाइमची काडी आणि एक तेजपान. म्हणून बरेच जण ती करताना हळूच थोडा गरम मसाला टाकतात. टाकू नका. या पदार्थाची चव दोनच गोष्टींतून येते. कोंबडी किती नीट भाजली आणि सायडर किती आटवला, एवढंच. ही दोन कामं शांतपणे केली तर कशाचीही उणीव भासत नाही. ती घाईत उरकली, तर ताटात आजारी माणसासाठी केलेला फिका रस्सा येतो आणि मग गरम मसाल्याची आठवण होणारच.

साहित्य, चौघांसाठी

कातडीसकट कोंबडी सव्वा ते दीड किलो, आठ तुकडे करून. मीठ दोन सपाट चमचे (कोंबडीच्या वजनाच्या साधारण एक टक्का). लोणी ६० ग्रॅम आणि तेल एक मोठा चमचा. सांबारात घालतात ते छोटे कांदे १५० ग्रॅम. बटण मशरूम २०० ग्रॅम. घट्ट गराची सफरचंदं तीन. कोरडा, म्हणजे कमी गोड सायडर ४०० मिलिलिटर. काल्व्हादोस किंवा साधी ब्रँडी ५० मिलिलिटर. कोंबडीचा स्टॉक १०० मिलिलिटर. क्रीम १५० मिलिलिटर. मैदा एक चमचा. थाइमच्या दोन काड्या, युरोपीय तेजपान एक, मिरपूड आणि शेवटी लागलंच तर लिंबू.

तेजपानाबद्दल एक गोष्ट. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याचा वास सायडरवर स्वार होतो. युरोपीय तेजपान मिळालं नाही तर नुसत्या थाइमवर भागवा.

कोंबडी आणताना

आपल्याकडचा दुकानदार सवयीनं कातडी सोलूनच देतो. त्यामुळे तोंड उघडण्याआधी त्याचा हात थांबवायला हवा : ‘स्किनसकट द्या, फक्त पिसं नीट काढा आणि आठ पीस करा.’ करीसाठी करतात तसे बारीक तुकडे इथं उपयोगाचे नाहीत. मांडीचा मोठा भाग, तंगडी आणि हाडासकट छातीचे मोठे तुकडे हवेत. नुसते लेग पीस घेतले तर आणखी सोपं, कारण छातीचं मांस लवकर कोरडं पडतं आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

गावठी कोंबडी मिळाली तर चव जास्त चांगली येईल, पण वेळ दीड तासावर जातो आणि स्टॉक दुप्पट लागतो. बाकी पद्धत तीच.

सायडर : बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

इथं सगळ्यात जास्त घोळ होतात. नॉर्मंडीचा सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं, बियरइतपत सौम्य मद्य. तो खास सायडरसाठी लावलेल्या सफरचंदांचा असतो. ही फळं लहान आणि तुरट-कडवट असतात, नुसती खायला कोणी घेत नाही. त्या तुरटपणामुळेच सायडर आटवल्यावर त्याला अंग येतं. पेई दोझच्या सायडरला १९९६ साली फ्रान्समधलं भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं, तिथल्या काल्व्हादोसला त्याआधीच, १९४२ साली.

फ्रेंच बाटलीवर ‘ब्रूत’ लिहिलेलं असेल तर कोरडा, ‘दमी-सेक’ म्हणजे मधला आणि ‘दू’ म्हणजे गोड. स्वयंपाकाला ब्रूत घ्या, दमी-सेकही चालतो. दू मात्र ग्लासात ओता. इंग्लंडात राहणाऱ्यांना अडचण नाही, तिथं ‘ड्राय’ लिहिलेला कुठलाही बरा सायडर घ्यावा. अमेरिकेत जपून. तिथं शरद ऋतूत बागेबागेतून जो सायडर विकतात तो न गाळलेला, न आंबवलेला नुसता रस असतो, आपल्याला हवा असलेला तिकडे ‘हार्ड सायडर’ म्हणून मिळतो. भारतात मोठ्या शहरांतल्या मद्याच्या दुकानांत सायडर दिसतो, पण त्यातले बरेच गोड आणि कृत्रिम वासाचे असतात. लेबलवर साखर आणि फ्लेवर यांचा उल्लेख असेल तर बाटली परत ठेवा. सॅलडवर घालतात ते अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि थंड पेयाच्या कपाटातलं फसफसणारं गोड सफरचंद पेय, ही दोन्ही सायडरच्या जागी चालत नाहीत.

मद्य नको असेल त्यांनी साखर न घातलेला सफरचंदाचा रस १५० मिलिलिटर, स्टॉक २५० मिलिलिटर आणि दोन चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर असं मिश्रण करावं आणि ब्रँडी वगळावी. सगळाच्या सगळा ४०० मिलिलिटर रस घालायचा मोह टाळा. त्यात मुळातच ४० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती आटवून निम्म्यात आणली की कोंबडी पाकात पडते. आणि मद्य वर्ज्यच असलेल्या पाहुण्यांसाठी करत असाल तर ‘शिजल्यावर सगळं उडून जातं’ यावर विसंबू नका. अर्धा तास शिजवल्यावरही साधारण एक तृतीयांश अल्कोहोल पदार्थात उरतं. ब्रँडी पेटवली तर ज्वाळा मोठी दिसते, पण तेवढ्यानं फारसं काही जळत नाही.

सफरचंद

फोडी लोण्यात परतल्यावर आकार धरून राहणारं फळ हवं. गोल्डन डिलिशस उत्तम, ग्रॅनी स्मिथही चालतं आणि त्याच्या आंबटपणानं क्रीमचा जडपणा कमी होतो. आपल्याकडचं लाल रॉयल डिलिशस हंगामात, म्हणजे ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, ताजं आणि कडक असतं तेव्हा घ्यायला हरकत नाही. शीतगृहात महिनोन् महिने राहून पिठूळ झालेलं फळ मात्र तव्यावर दोन मिनिटांत बसतं. बोटानं दाबून पाहा, दबलं तर नको.

आदल्या रात्री : मीठ

कोंबडी धुण्याची सवय सुटत नसेल तर धुवा, पण मग स्वच्छ फडक्यानं प्रत्येक तुकडा टिपून अगदी कोरडा करा. सगळीकडून मीठ चोळा आणि ताटात कातडी वर करून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. दही नाही, लिंबू नाही, हळदही नाही. रात्रभरात मीठ आत शिरतं आणि फ्रिजची कोरडी हवा कातडीतलं पाणी ओढून घेते. सकाळी कातडी हाताला कागदी लागते. असे तुकडे भांड्यात लगेच रंग धरतात. ओली कोंबडी आधी स्वतःच्या पाण्यात उकळते, मग कुठे भाजायला लागते आणि तोवर आतलं मांस निम्मं शिजलेलं असतं. रात्रभर वेळ नसेल तर दोन तास तरी द्या. शिजवायच्या अर्धा तास आधी ताट बाहेर काढा.

भाजणं

रुंद, जाड बुडाचं आणि झाकण असलेलं भांडं घ्या. बिडाचं असेल तर फार छान, पण बीड आंबट रसाला चव देतं, म्हणून आतून एनॅमल केलेलं हवं. नाहीतर जाड स्टीलचं पातेलं. नॉनस्टिक शक्यतो नको, कारण त्याच्या तळाला काही चिकटत नाही आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

तेल आणि २० ग्रॅम लोणी मध्यम आचेवर तापवा. लोण्याचा फेस बसला की तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा, एकमेकांना न टेकता. दोन खेपांत करावं लागलं तर दोन खेपांत करा. आता आठ ते दहा मिनिटं हात बांधून उभं राहायचं. सुरुवातीला तडतड मोठी असते, ते कातडीतलं पाणी. हळूहळू चरबी सुटते, आवाज बारीक आणि एकसारखा होतो आणि वासात खमंगपणा येतो. तुकडा उचलायचा प्रयत्न केल्यावर तो तळाला धरून बसला असेल तर अजून वेळ आहे. तयार झाला की आपोआप सुटतो. रंग कंदी पेढ्याचा हवा, गाभ्यापासून कडेपर्यंत सारखा. फिका पिवळा रंग म्हणजे काम अर्धवट आणि काळे डाग म्हणजे आच जास्त. मग उलटून दुसरी बाजू तीन मिनिटं. छातीचे तुकडे असतील तर त्यांची दुसरी बाजू एकच मिनिट.

तुकडे ताटात काढा. तळाशी तपकिरी थर जमलेला दिसेल. हाच तुमचा मसाला. तो करपलेला नाही ना, एवढं पाहा. कडू वास येत असेल तर तळ पुसून नव्यानं थोडं लोणी घ्या, कारण तो कडवटपणा पुढे क्रीमलाही झाकता येत नाही.

कांदे, मशरूम आणि ब्रँडी

भांड्यात चमचा-दीड चमचा चरबी ठेवून बाकीची काढून घ्या. ती टाकू नका, दुसऱ्या दिवशी बटाटे परतायला झकास असते. सोललेले अख्खे कांदे घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं, जागोजागी सोनेरी होईपर्यंत परता. मग मशरूमचे मोठे काप घाला आणि आच वाढवा. मशरूम पाणी सोडतील, ते पूर्ण आटून पुन्हा तेल दिसेपर्यंत थांबा. मैदा भुरभुरवा आणि एक मिनिट परता. मैदा नॉर्मंडीत सगळेच घालतात असं नाही, पण आपल्या बाजारातलं क्रीम पातळ असतं आणि हा एक चमचा ते फाटू देत नाही.

आता ब्रँडी. उपाहारगृहात ती पेटवतात, दिसायला छान दिसतं. घरी पेटवायचीच असेल तर चिमणी बंद करा, गॅस बंद करा, ओढणी-पदर खोचा, ब्रँडी बाटलीतून थेट न ओतता वाटीतून ओता आणि लांब काडीनं पेटवून मागे सरा. झाकण हाताशी असू द्या, भडकलं तर ते वर ठेवलं की संपलं. खरं सांगायचं तर चवीत फरक नगण्य आहे. मी पेटवत नाही. गॅस बंद करून ब्रँडी ओतायची, मग मंद आच लावून निम्मी आटू द्यायची, की पुरे. वाफ नाकाला झोंबायची थांबली की पुढे जा.

सायडर ओतणं आणि पहिलं आटवणं

सगळा सायडर एकदम ओता. फेस बराच येईल, म्हणून भांडं उंच काठाचं असलेलं बरं. लाकडी उलथन्यानं तळ खरवडा आणि तो तपकिरी थर पूर्ण सुटून रसात मिसळू द्या. आच मोठी ठेवून सात-आठ मिनिटं उकळा, साधारण एक तृतीयांश कमी होईपर्यंत. कोंबडी अजून बाहेरच आहे, हे मुद्दाम. ती आत असताना सायडर खळखळ उकळला तर मांस चिवट होतं आणि कोंबडी शिजल्यानंतर सगळाच रस आटवायचा म्हटलं तर ताटकळत बसावं लागतं.

चमच्यानं चव घ्या. आंबट, किंचित तुरट आणि मागे सफरचंद, अशी लागायला हवी. तुरटपणा जास्तच वाटला तर आणखी आटवू नका.

मंद शिजवणं

स्टॉक, थाइम आणि तेजपान घाला. तंगड्या आणि मांड्या कातडी वर करून रसात बसवा, ताटात जमलेला रसही ओता. रस तुकड्यांच्या निम्म्यापर्यंत यावा, कातडी बुडता कामा नये. भाजायला घेतलेले कष्ट तिच्यावरच दिसायचे असतात. आच इतकी कमी करा की दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा फुटेल. झाकण किंचित तिरकं ठेवा.

ब्रॉयलरच्या लेग पीसना ३५ मिनिटं लागतात, छातीचे तुकडे शेवटच्या १५ मिनिटांसाठी घाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सियसला कोंबडी खायला सुरक्षित असते, पण मांडी तिथं थांबवू नका, ८५ अंशांपर्यंत जाऊ द्या. सांध्यांभोवतीचे चिवट पडदे वितळून जिलेटिन व्हायला तेवढी उष्णता आणि तेवढा वेळ लागतो आणि त्याच जिलेटिनमुळे सॉस ओठाला किंचित चिकटतो. थर्मामीटर नसेल तर तंगडीचं हाड धरून फिरवा, ते सांध्यात सैल वाटलं पाहिजे.

प्रेशर कुकर वापरायचा का? नाही. ब्रॉयलर दोन शिट्ट्यांत हाडापासून सुटतो, कातडी बुळबुळीत होते आणि बंद भांड्यात आटत तर काहीच नाही.

तोवर सफरचंदं

कोंबडी शिजत असताना सफरचंदं सोलून, बिया काढून प्रत्येकाच्या आठ जाड फोडी करा. आधीपासून चिरून पाण्यात टाकू नका, ओल्या फोडी भाजल्या जात नाहीत. वेगळ्या तव्यात २५ ग्रॅम लोणी मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर तापवा, फोडी एका थरात मांडा, चिमूटभर मीठ टाका आणि तीन मिनिटं हलवू नका. खालून सोनेरी झाल्या की उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं. सुरीचं टोक सहज जावं, पण फोड उचलल्यावर वाकू नये. फळ आंबट असेल तर पाव चमचा साखर भुरभुरवा, रंग झटकन येतो.

बऱ्याच पाककृती सफरचंद कोंबडीबरोबरच रसात शिजवायला सांगतात. सोपं आहे, मान्य. पण मग सॉसमध्ये सफरचंदाचा लगदा होतो, सगळंच गोडसर लागतं आणि ताटात फोड म्हणून काही उरत नाही. तवा धुवायचा कंटाळा सोडा.

सॉस

कोंबडी काढून गरम ताटात झाकून ठेवा. थाइम आणि तेजपान काढा. वर चरबी तरंगत असेल तर पळीनं थोडी उचला, सगळी नको. आच वाढवा आणि कांदे-मशरूमसकट रस साधारण एक कपावर येईपर्यंत आटवा. हे दुसरं आटवणं. यात कंजुषी झाली की पुढे क्रीम कितीही घातलं तरी सॉस पाणचटच राहतो.

आच अगदी कमी करा. नॉर्मंडीत इथं क्रेम फ्रेश घालतात. ते किंचित आंबवलेलं आणि तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं असतं, त्यामुळे सायडरच्या आंबटपणात उकळलं तरी सहसा फाटत नाही. आपल्याकडचं डब्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपासचं, म्हणून ते जपून वापरायचं. डबा न हलवता फ्रिजमध्ये ठेवा, कापून वरचं घट्ट क्रीम घ्या आणि खालचं पाणी सोडा. वाटीतल्या क्रीममध्ये आधी दोन पळ्या गरम सॉस मिसळा आणि मग ती वाटी भांड्यात ओता. व्हिपिंग क्रीम मिळालं तर बिनगोड, दुधाचंच आहे ना ते पाहा, बेकरीवाले वापरतात ते वनस्पती तुपाचं नको. घरची ताजी साय घोटून घेतली तर चव सुरेख येते, फक्त ती चार-पाच दिवस साठवलेली, वास धरलेली नसावी. दही काही झालं तरी नको.

चार-पाच मिनिटं मंद शिजू द्या. पळी बुडवून काढा आणि तिच्या पाठीवर बोटानं रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की सॉस झाला. उरलेला लोण्याचा तुकडा घालून भांडं गोल फिरवा.

आता मीठ आणि आंबटपणा तपासा. गोड वाटला तर लिंबाचे काही थेंब, कडवट वाटला तर आणखी एक चमचा क्रीम. फाटलाच तर भांडं उतरवा, दोन चमचे गार क्रीम घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा जुळून येतो. मिरपूड शेवटी आणि थोडीच.

वाढणं

कोंबडी रसात परत बसवा, कातडी वरच. दोन मिनिटं गरम होऊ द्या आणि वरून सफरचंदाच्या फोडी मांडा. तिकडे बरोबर वाफवलेले बटाटे, रुंद नूडल्स किंवा नुसता पाव असतो आणि प्यायला तोच सायडर, बऱ्याचदा मातीच्या कपांतून. आपल्याकडे गोव्यातल्या पोयला किंवा साध्या लादी पावाला हा सॉस छान लागतो. भाताबरोबर खायचं तर कोलम करा, आंबेमोहोर किंवा बासमतीचा वास मध्ये येतो. चपातीबरोबर मला तो कधीच पटला नाही. बाजूला काहीतरी हिरवं आणि करकरीत असावं, व्हिनेगर घातलेलं लेट्यूस किंवा नुसती काकडी, कारण ताटातलं बाकी सगळं मऊ आणि जड आहे.

उरलं तर सफरचंदं वेगळ्या डब्यात ठेवा. कोंबडी सॉससकट दोन दिवस फ्रिजमध्ये टिकते आणि दुसऱ्या दिवशी सॉस जिलेटिनमुळे घट्ट बसलेला दिसेल, त्यात काही बिघडलेलं नाही. दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, आतपर्यंत वाफाळेपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्ह पूर्ण शक्तीवर लावला तर क्रीम हमखास फाटतं. फोडी पुन्हा तव्यावर लोण्यात अर्धा मिनिट परतून वरून घाला.